वगळलेली दहा पानं

वहिनी,

तुमच्या तेराव्याला इंद्रपुरीचे दुबेजी आले होते. तुमचा प्रबंध ज्यांनी टाइप केला, ते. दारात चपला काढून जरा वेळ तिथेच उभे राहिले. दादा ‘आइए’ म्हणाला तेव्हा आत आले, तुमच्या फोटोसमोर हात जोडले आणि माझ्यापासून सगळ्यांत लांब असलेल्या खुर्चीवर बसले. असं का, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. खरं तर ते तुम्हाला कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण मी सांगितलं नाही.

टाउनशिपच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्याविषयी दोन पानं लिहून द्या, असा निरोप आहे. जन्म, माहेर, शिक्षण, कुठे कुठे गायलात याची यादी दादाने करून दिली आहे. ती सोबत जोडतो. छापायची तर त्यांनी चौकटीत छापावी. मला एका चुकीविषयी लिहायचं आहे. ती कुणी केली आणि कशी, ते क्रमाने.

मी नागपूरहून भोपाळला नोकरीला आलो तो थेट तुमच्या क्वार्टरमध्ये उतरलो आणि आठ वर्षं हललो नाही. दोन खोल्या, मागे जाळीचा व्हरांडा. व्हरांडा मला दिला होतात. हिंदी दैनिकाच्या डेस्कवर काम, म्हणून झोप सकाळची. आणि सकाळ तर तुमची. दादा पहिल्या पाळीला गेला, कारखान्याचा भोंगा वाजून थांबला, की तुम्ही तानपुरा लावायला घ्यायचात. भोंगा थांबेपर्यंत हात लावायचा नाहीत. ‘तो मेला काळी दोनला ओरडतो आणि माझा षड्ज काळी चार. त्याच्या नादाला लागले तर दिवसभर बेसूर.’ टाउनशिपच्या शाळेत तुम्ही संगीत शिकवायचात, शाळा दुपारची. म्हणजे सगळी सकाळ तोडी. वर्षानुवर्षं तोडी, त्यातही एकच विलंबित ख्याल. मी एकदा उशी कानावर घेऊन ओरडलो होतो, ‘वहिनी, दुसरं काही येत नाही का?’

‘येतं की,’ तुम्ही तानपुरा न थांबवता म्हणालात. ‘पण हे अजून आलेलं नाही.’

पुढे चाळिशी उलटल्यावर तुम्ही गायनातल्या पीएचडीला नाव घातलंत. दादा म्हणाला, ‘आता ह्या वयात डॉक्टर होऊन कुणाला तपासणार?’ तुम्ही म्हणालात, ‘सुरुवात तुमच्यापासून.’ हसलो आम्ही. तेवढंच हसणं त्या पदवीने दिलं. पुढची सात वर्षं विद्यापीठाचे कागद होते.

आराखडा चार वेळा परत आला. तुमचं म्हणणं सरळ होतं, निदान तुम्ही सांगायचात तेव्हा वाटायचं. ख्यालाची पहिली ओळ, मुखडा, प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी परत येते आणि समेवर टेकते. पुस्तकात ती एकदाच लिहिलेली असते. गाणारी ती रोज गाते आणि ती रोज थोड्या वेगळ्या वाटेने समेवर येते; कधी एक स्वर अलीकडे थांबते, कधी शेवटच्या मात्रेत घाई करते. मग गुरूकडून शिष्याकडे जातं ते नक्की काय? पुस्तकातली ओळ, की बदलायची रीत? हे तुम्हाला स्वतः गाऊन शोधायचं होतं. तुमच्या मार्गदर्शक मॅडम माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘गाना तो आप गाती ही हैं. इसमें शोध क्या है?’ घरी येऊन तुम्ही ते वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलंत आणि मग पोळ्या लाटायला घेतल्यात.

त्यांनी सुचवलेले विषय तोडीचा इतिहास, तोडीचे प्रकार, अमुक शतकातील तोडी असे होते. ध्वनिफीत जोडायची परवानगी नव्हती. प्रात्यक्षिक नियमात बसत नव्हतं. पदवी गायनातली, पण नोंदणीच्या दिवसापासून मौखिकीपर्यंत कुणीही तुम्हाला गायला सांगणार नव्हतं. मी यावर बातमी करतो म्हणालो होतो. तुम्ही हात जोडलेत, ‘भाऊजी, बातमी नको. मला पदवी हवीय.’

हवी होती हे खरं. त्यामागे पगारवाढ किंवा बढती नव्हती. शाळेत तुमचं पद होतं तेच राहणार होतं. टाउनशिपमध्ये तुम्ही ‘गाणाऱ्या बाई’ होतात. गणेशोत्सवात मुलांच्या वेशभूषा स्पर्धेनंतर आणि बक्षीस समारंभाआधी तुम्हाला बारा मिनिटं मिळायची. आठव्या मिनिटाला चिठ्ठी यायची. एका वर्षी चिठ्ठी घेऊन येणारा स्वतः केळीच्या घडाच्या वेशात होता. तुम्ही चिठ्ठी तानपुऱ्याखाली सरकवून गात राहिलात. परतताना मला विचारलंत, ‘आज मुखडा कसा आला?’ मी म्हणालो, ‘वेळेवर.’ तुम्ही रस्त्यात थांबून हसलात आणि मग म्हणालात, ‘हेच. म्हणूनच लिहून ठेवायला पाहिजे. तुमच्यासारख्यांनासुद्धा कागदावर दिसलं पाहिजे.’

आराखडा पाचव्यांदा मान्य झाला. पद्धत तुम्ही स्वतः ठरवलीत. रियाज संपला की तासाभरात त्या दिवशीचा मुखडा जसा आला तसा स्वरलिपीत उतरवायचा. टेप करा, पुरावा पक्का होईल, असं मी सांगितलं. ‘मशीन लावलं की मी मशीनसाठी गाते. मग ते पाहुण्यांसमोरचं बोलणं होतं.’ कारखान्यात बाद झालेल्या ड्रॉइंगच्या मोठ्या शीट दादा घरी आणायचा. टाउनशिपमध्ये घरोघर त्या असत, पोरांच्या वह्यांना कव्हर म्हणून, फडताळात अंथरायला. त्यांच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही लिहायचात. दोन वर्षांत गठ्ठा झाला. त्यातल्या अकरा सकाळी निवडल्यात. प्रबंधाचा पाचवा अध्याय म्हणजे त्या अकरा स्वरलिप्या. आधीचे चार अध्याय विद्यापीठासाठी होते, पाचवा तुमचा, हे तुमचंच वाक्य.

प्रबंध हिंदीत लिहायचा होता. इंद्रपुरीत दुबेजींचं दुकान होतं, दीड खोलीचं. त्यांच्या कॉम्प्युटरच्या अक्षरांत स्वरलिपीच्या खुणा नव्हत्या. त्यांनी वाट काढली. अक्षरं छापायची आणि मग काळ्या बारीक पेनने हाताने खुणा घालायच्या. कोमल स्वराखाली रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, एका मात्रेतल्या स्वरांखाली चंद्रकोर, लांबवलेल्या स्वरापुढे आडवी रेघ. ‘मैडम, मैं गाना नहीं जानता, पर बिंदी पक्की लगाऊँगा.’ तुम्ही मूळ शीट घेऊन त्यांच्या शेजारी बसलात, पानं ताडून पाहिलीत. एकही टिंब चुकलेलं नव्हतं.

आता चूक.

मुदतवाढ संपायला महिना उरला असताना सांगलीला तुमच्या आईचं मांडीचं हाड मोडलं. तुम्हाला जावं लागलं. हबीबगंज स्टेशनवर गाडी हलायला लागली तेव्हा डब्याच्या दारातून तुम्ही मला सांगितलंत, ‘भाऊजी, प्रूफात हिंदी तेवढी बघा. लिंग, वचन, मात्रा. बाकीला हात लावू नका.’ हे शब्द मला असेच्या असे आठवतात.

प्रूफ मी ऑफिसात वाचलं, तीन बैठकींत. चार अध्याय नीट होते. पाचव्यात एकापाठोपाठ एक अकरा पानं आली. वर तीच बंदिश, तोच ताल, तेच बोल. दुबेजींनी एकच पान पुन्हा पुन्हा घातलं आहे, असा माझा समज झाला. मधे मधे फरक दिसले. ते मी टायपिंगच्या चुका धरले. डेस्कवर एकच बातमी दोनदा लागली की एक ठेवून दुसरी काढतात. मी सगळ्यांत स्वच्छ दिसणारं पान ठेवलं. उरलेल्या दहांवर लाल बॉलपेनने ओळीओळीतून आडव्या रेघा मारल्या, समासात ‘दोहराव, हटाएँ’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

ही पानं का आहेत ते तुम्ही त्याआधीच्या दोन पानांत समजावून लिहिलं होतं. ती दोन पानं मी वाचली होती. त्यांत एका शब्दाची मात्रा चुकली होती, ती मी सुधारली. ‘ग्यारह स्वरलिपियाँ’ असं होतं, ते मी ‘स्वरलिपि’ केलं. म्हणजे अकरा हा आकडा माझ्या डोळ्यांसमोरून गेला आणि मी तो चूक म्हणून काढला.

दुबेजींनी फोन केला होता.

‘भैया, ये दस पन्ने सच में हटाने हैं?’

‘हटा दीजिए. मैंने देख लिया है.’

‘मैडम से एक बार पूछ लेते. एक-एक बिंदी हाथ की है.’

‘मैडम ने मुझे ही देखने को दिया है, दुबेजी.’

त्यांनी त्याच फाइलमधून ती पानं काढली आणि पाच प्रती छापल्या. तुम्ही शेवटच्या तारखेला सकाळी गाडीतून उतरलात, स्टेशनवरून थेट दुकानात गेलात, बांधलेल्या पाच प्रतींवर सह्या केल्यात आणि दादाच्या स्कूटरवर बसून विद्यापीठात पोचलात. चार प्रती जमा झाल्या. पाचवी तुमची, ती मॅडमनी ‘पढ़ने के लिए’ ठेवून घेतली. त्यांनी ती उघडली असती तर सगळं त्याच आठवड्यात बाहेर आलं असतं. संध्याकाळी ऑफिसात मला तुमचा फोन आला. ‘भाऊजी, झालं एकदाचं. वरवर चाळलं मी. तुम्ही हिंदी फार सुरेख केलीत हो.’ मी म्हणालो, त्यात काय.

त्याच हिवाळ्यात दादा निवृत्त झाला. क्वार्टर सोडायचं, बाग सेवनियाच्या फ्लॅटमध्ये जायचं. तुम्ही ड्रॉइंगच्या शीटचा गठ्ठा रद्दीत घातलात. ‘पाच प्रती बांधून झाल्यात, आता हे ओझं कशाला.’ टेम्पोत सामान चढवायला मी होतो. तो गठ्ठा दारापर्यंत मीच आणून ठेवला.

परीक्षकांचा अहवाल यायला वर्ष गेलं. त्यांनी लिहिलं होतं की शोधकर्ती मुखडा सतत बदलतो असा दावा करते, पण पुराव्यादाखल एकच स्वरलिपी देते. दावा सिद्ध होत नाही. सुधारून पुन्हा सादर करावा. तुम्ही तो कागद दोनदा वाचलात आणि म्हणालात, ‘एकच कशी?’ मॅडमकडून तुमची प्रत मागवलीत. पाचवा अध्याय उघडलात. मी समोर होतो. मला तेव्हा समजलं. तुमच्या आधी नाही आणि नंतरही नाही, अगदी त्याच वेळी. बोलायचं असतं तर ते तेव्हा.

आपण इंद्रपुरीला गेलो, स्कूटर मी चालवली. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती.

‘दुबेजी, मेरे बाकी पन्ने कहाँ गए?’

दुबेजींनी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कागदाच्या रिमांकडे पाहत होतो.

‘गलती हो गई होगी, मैडम.’

‘गलती? ग्यारह में से दस पन्ने गलती से उड़ते हैं? आपको बच्चे की तरह बैठकर समझाया था मैंने!’

‘जी.’

‘फाइल निकालिए.’

‘उसी फाइल में काटा था, मैडम. पुरानी अब नहीं है.’

तुमचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. गाणाऱ्या माणसाचा आवाज चढतो तेव्हा तो फार लांबपर्यंत जातो. समोरच्या पंक्चरवाल्याने मान वर केली. ‘आप रहने दीजिए,’ तुम्ही शेवटी म्हणालात, ‘आगे से संगीत का काम मत लिया कीजिए.’ त्यांनी ते ऐकलं. त्यानंतर त्यांनी स्वरलिपीचं काम घेतलं नाही. विचारायला आलेल्यांना दुसरीकडे पाठवलं. परतताना मागच्या सीटवरून तुम्ही एवढंच म्हणालात, ‘माणूस चांगला होता हो.’ मी गिअर बदलला.

खुणा केलेलं प्रूफ फेकायचं नाही, ही डेस्कची सवय. उद्या कुणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातला खण उघडला. प्रूफ तिथेच होतं. दहाच्या दहा पानं, दुबेजींच्या सगळ्या टिंबांसकट. वरून माझ्या लाल रेघा, समासात माझं अक्षर, खाली माझी सही.

ती पानं मी त्याच संध्याकाळी बाग सेवनियाला आणून दिली असती तर तुमचा प्रबंध दोन महिन्यांत पुन्हा जमा झाला असता. मी दिली नाहीत. मला लाज वाटली, याला दुसरं कारण नाही. त्या वेळी मी बरीच कारणं शोधली होती.

त्याऐवजी मी दुबेजींकडे गेलो. पानं पुढे ठेवली. म्हणालो, यावरून पुन्हा टाइप करा आणि मॅडमना सांगा, पुरानी फाइल मिल गई. त्यांनी पानं उलटीसुलटी करून पाहिली, आपली टिंबं पाहिली.

‘भैया, एक झूठ मैंने आपके लिए चुप रहकर बोल दिया. दूसरा मुँह से नहीं बोलूँगा. आप बता दीजिए, मैं रात-दिन एक करके टाइप कर दूँगा. पैसा भी मत देना.’

मी पानं गोळा करून परत खणात ठेवली. मला त्यांचाच राग आला होता.

मग तुमच्यामागे लागलो. पुन्हा गा, पुन्हा लिहा, दहा सकाळींचं तर काम आहे. त्या वादात मी मोठ्याने बोललो, ते तुम्हालाही आठवत असेल. ‘कोण तपासणार आहे वहिनी, कुठल्या सकाळचं आहे ते?’

‘म्हणजे खोटं लिहू?’

‘खोटं कसं? गाणार तुम्हीच, लिहिणार तुम्हीच.’

‘तुम्ही पेपरात असंच करता का? कालची सभा आज पुन्हा भरवता?’ तुम्ही शेंगा सोलत होतात. ताटली बाजूला ठेवलीत. ‘भाऊजी, नीट ऐका. पहिला मुखडा माझ्या गुरूंचा आहे. जसा दिला तसा. अकरावा माझा. मधले नऊ म्हणजे तिथून इथवरचा रस्ता. मला तरी कुठे माहीत होतं मी चाललेय म्हणून, लिहिलं तेव्हा दिसलं. आता मी पुन्हा गायले तर सगळे अकरावेच येतील. मागे कसं जाऊ?’

मी ठेवलेलं पान पहिलं होतं. म्हणजे तुमच्या प्रबंधात तुमचे गुरू शिल्लक होते आणि तुम्ही नव्हतात.

हट्ट होता तो. दावा सिद्ध करायला कुठल्याही अकरा सकाळी पुरल्या असत्या, असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. परीक्षकांना तुमचा रस्ता नको होता, पुरावा हवा होता. तुम्ही जरा वाकला असतात तर माझी चूक झाकली गेली असती, पदवी मिळाली असती आणि दुबेजींचंही कालांतराने विसरलं गेलं असतं. तुमच्यावर मी त्यासाठी चिडून होतो, वर्षभर. आपल्यामुळे नुकसान झालेल्या माणसावर चिडणं किती सोपं असतं, हे त्या वर्षात कळलं.

सुधारणेची मुदत संपली. शाळेच्या ओळखपत्राचा फॉर्म भरताना तुम्ही ‘शिक्षण’ या रकान्यापाशी जरा थांबलात आणि पूर्वीचंच लिहिलंत.

तुम्ही मला एक संधी स्वतःहून दिलीत. दिवाळीनंतरची दुपार होती, गच्चीत पापड उलटत होतात. ‘भाऊजी, प्रूफ तुम्ही वाचलं होतं ना? तेव्हा होती का हो ती पानं?’ आवाजात संशय नव्हता. विचारायचं राहिलं म्हणून विचारलंत. मी म्हणालो, ‘आठवत नाही.’ तुम्ही मान हलवलीत. ‘कसं आठवेल, रोज एवढं वाचता.’

हे खोटं मी तोंडाने बोललो, वहिनी.

तुमच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात मी रोज येत होतो. प्रूफ दोनदा पिशवीत घालून आणलं. पहिल्यांदा तुम्हाला झोप लागली होती. दुसऱ्यांदा जाग्या होतात आणि मेघनाला झापत होतात. मेघना म्हणजे तुमच्या शाळेतली विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत तुमच्या जागी शिकवते. ती पलंगाशी वाकून हळू आवाजात गात होती. ‘पेशंटसाठी गाऊ नकोस, रागासाठी गा,’ तुम्ही म्हणालात. नर्स हसली. माझ्याकडे वळून म्हणालात, ‘बसा ना भाऊजी, पिशवी ठेवा खाली.’ मी पिशवी मांडीवरच ठेवली. त्यानंतर तुम्ही बोलण्याच्या अवस्थेत फार दिवस नव्हतात.

तेराव्याचं जेवण झाल्यावर दुबेजी उठले. मी जिन्यापर्यंत गेलो.

‘मैडम को बताया था आपने?’

‘नहीं.’

‘मैंने भी नहीं. आप घर के आदमी हैं, घर में झगड़ा मैं क्यों लगाता.’ त्यांनी चपलेत पाय सरकवले. ‘बस, मैडम मुझे ही कच्चा आदमी समझकर चली गईं.’

म्हणून इथे स्पष्ट लिहितो. प्रबंधातली दहा पानं दुबेजींनी गाळली नाहीत. त्यांनी ती बिनचूक टाइप केली होती, आणि काढण्याआधी विचारलं होतं. ती मी काढली. ज्यांनी इंद्रपुरीतल्या त्या दुकानाविषयी वेगळं काही ऐकलं असेल त्यांनी ते विसरावं.

घरात मात्र हे मी अजून सांगितलं नव्हतं. मेघनाने दादाकडे तुमच्या कामाचे कागद मागितले, काही असतील तर. मी म्हणालो, माझ्याकडे आहेत. ऑफिसात झेरॉक्स काढली. काढताना समासावर कोऱ्या कागदाची पट्टी धरली, म्हणजे माझं अक्षर आणि सही येणार नाही. तुमच्या मृत्यूनंतर, दुबेजींशी जिन्यात बोलणं झाल्यानंतर, मी हे केलं. पट्टीने समास झाकला. ओळींतल्या रेघा कशा झाकणार? झेरॉक्समध्ये लाल रेघाही काळ्याच आल्या.

गेल्या रविवारी मेघना आली. दादा खिडकीशी पेपर वाचत होता. ती पानं पुढे घेऊन जमिनीवर बसली, बोटाने मात्रा मोजत गुणगुणायला लागली, थांबली, परत मागे गेली.

‘काका, इथे ‘नी’च्या पुढे रेघ आहे. ही स्वर लांबवायची की नुसतीच?’

‘कुठली?’

‘ही. आणि इथेही. सगळीकडेच आहेत. एक रेघ मात्रेची असेल तर स्वर दोन मात्रा जातो, नसेल तर नाही. कुठली खरी तेच कळत नाहीये.’ तिने पान उजेडाकडे धरलं. ‘कुणीतरी खोडलंय का हे?’

‘हो.’

‘कुणी?’

‘मी.’

दादाने पेपर खाली घेतला. ‘दुबेने ना?’

‘नाही. दुबेंनी विचारलं होतं मला. मीच काढायला सांगितली.’

‘तिला माहीत होतं?’

‘नाही.’

दादाने पेपरची घडी घातली, ती चुकली, पुन्हा घातली. मग उठून आतल्या खोलीत गेला. मेघना माझ्याकडे न बघता पानं एकत्र करत होती.

‘मूळ कुठेय?’

‘ऑफिसात.’

‘मग ते आणा काका. यावरून गाता येणार नाही.’

मी उठलो. ऑफिसात जाऊन तासाभरात परत आलो. तिने मूळ पानं घेतली, समासातलं माझं अक्षर वाचलं. मग तिने पहिला मुखडा म्हटला. ते प्रबंधात राहिलेलं पान तिने तुमच्या प्रतीतून घेतलं होतं. मग लाल रेघा सोडून काळ्या रेघा वाचत दुसरा, तिसरा. प्रत्येक तीन-तीनदा, समेवर हाताने टाळी देत. पाचव्याला दादा दारात येऊन उभा राहिला. तीस वर्षं कारखान्यात टर्बाइनच्या आवाजात काढलेला माणूस. तुमच्या गाण्याविषयी तो कधी चार शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. सातव्याला त्याने हात वर केला.

‘हे परत म्हण.’

तिने म्हटलं.

‘इथून ती सुरू झाली,’ दादा म्हणाला. ‘ह्याच्या आधीचं तिच्या गुरुजींचं आहे. हे तिचं.’ आणि भिंतीला टेकून खाली बसला.

मेघनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती थांबली नाही. आठवा, नववा, दहावा, अकरावा. मग तिने माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारी पहिल्यांदाच.

‘कळतंय ना काका?’

मी अकराही लक्ष देऊन ऐकले होते, वहिनी. पानं समोर होती, कुठे काय बदलतं ते कागदावर दिसत होतं. पण कानाला सगळे एकच वाटले.

‘नाही,’ मी म्हणालो.

दादाने मान वळवून घेतली. मेघनाने पानं परत पहिल्यापासून लावली आणि कोपऱ्यातला तुमचा तानपुरा जवळ ओढून जुळवायला घेतला.